वाचक विचारतात : आठ फुटी डिश आणि हरवलेला सिग्नल

प्रश्न : कोथरूडला बंगल्यामागील अंगणात आठ फुटी जाळीची डिश बसवली आहे. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-३० उपग्रह शोधण्यात दोन रविवार गेले, तरी सिग्नल मिळत नाही. काय चुकत असावे?

उत्तर : बहुधा खांब. डिश फिरवण्याआधी खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावून पाहावा. तो जरा कलता असला, तर कोनाचे सारे गणित वाया जाते. पुण्याहून हा उपग्रह आग्नेयेपासून थोडा दक्षिणेकडे झुकलेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १५३ अंशांवर आणि क्षितिजापासून ६६ अंश उंचीवर आहे, म्हणजे डिश जवळजवळ आभाळाकडे तोंड करून बसल्यासारखी दिसेल, आणि नवख्या माणसाला नेमके हेच पटत नाही. होकायंत्र लोखंडी खांबाजवळ धरू नये. एलएनबी (डिशसमोर बसवलेला, सिग्नल टिपणारा भाग) डिशच्या नाभीवर, म्हणजे सिग्नल एकवटतो त्या बिंदूवर आहे ना, हेही मोजावे : व्यासाच्या वर्गाला खोलीच्या सोळापटीने भागावे, २४४ सेंटिमीटर व्यास व ४० सेंटिमीटर खोली असल्यास डिशच्या तळापासून एलएनबीचे अंतर ९३ सेंटिमीटर येते. मग डिश डावी-उजवीकडे बोटभरच सरकवत, प्रत्येक वेळी रिसीव्हरच्या पडद्यावरील गुणवत्तेचा आकडा बदलेपर्यंत थांबावे. निव्वळ सिग्नलच्या पट्टीवर विसंबू नये. ती रिकाम्या आकाशाकडेही भरलेली दिसते.