वायफाय रडारवर माणूस दिसेना

प्रश्न : राउटरच्या सिग्नलवर पॅसिव्ह रडार (स्वतः लहरी न सोडता दुसऱ्याच्या सिग्नलचे प्रतिध्वनी टिपणारं रडार) करतोय. दोन रिसीव्हर लावले, पण चालणारा माणूस दिसतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : आधी क्लॉक (रिसीव्हरला वेळेचा ठोका देणारं घड्याळ) तपासा. दोन्ही रिसीव्हर एकाच क्लॉकवर नसतील तर पुढचं सगळं गणित वाया. एक अँटेना राउटरकडे, दुसरा खोलीकडे ठेवा. दुसऱ्यात घुसणारा राउटरचा थेट सिग्नल वजा करा, नाहीतर क्षीण प्रतिध्वनी त्याखाली गाडला जातो. राउटरवर काही काम चालू नसेल तर सेकंदाला जेमतेम 10 बीकन (राउटर आपली ओळख सांगायला सोडतो ते छोटे संदेश) सुटतात आणि 2.4 गिगाहर्ट्झवर, सेकंदाला 1 मीटर वेगाने समोरून येणाऱ्याचा डॉप्लर (हालचालीमुळे सिग्नलच्या वारंवारतेत पडणारा फरक) भरतो सुमारे 16 हर्ट्झ! इतक्या विरळ बीकनांत तो पकडता येत नाही, तेव्हा मोठी फाइल डाउनलोडला लावूनच मोजा. अंतराची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. 20 मेगाहर्ट्झच्या चॅनलवर साधारण 7.5 मीटरपेक्षा बारीक फरक कळत नाही. खोलीत माणूस ओळखायचा तो डॉप्लरवरूनच.