उपग्रहाच्या नकाशात आपलं पीक दिसतं का? आलेल्या प्रश्नांना उत्तर

मोहोळकडच्या एका कृषी पदवीधर मुलानं विचारलंय, साहेब अमेरिकेत म्हणे सॉफ्टवेअरमध्ये जिल्हा निवडला की कुठल्या रानात मका, कुठल्या रानात सोयाबीन हे वर्षावार दिसतं, मग आपल्या तालुक्यात ज्वारी किती घटली अन् ऊस किती वाढला हे तसं काढता येईल का. सांगोल्याच्या एका शेतकरी कंपनीची तक्रार वेगळीच आहे, फुकटच्या नकाशात त्यांच्या गावची शेतजमीन कमी झालेली दिसतीय आणि गावात तर कुणी शेती सोडलेली नाही. दोन्हीचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहितो.

अमेरिकेचं ते क्रॉपस्केप. तिथल्या कृषी खात्याची आकडेवारी संस्था क्रॉपलँड डेटा लेयर नावाचा पीकनकाशा काढते, २००८ पासून दरवर्षी, एकमेकांना लागून असलेल्या ४८ राज्यांचा, ३० मीटरच्या ठिपक्यात (पिक्सेलमध्ये), २०२४ च्या नकाशापासून १० मीटरमध्ये. ब्राउझरमध्येच भाग आखायचा, दोन वर्षं निवडायची, आकडे मिळतात. आर (R) ही कॉम्प्युटरची भाषा येत असेल तर सीडीएल टूल्स किंवा क्रॉपस्केप आर ही पॅकेजं फुकट आहेत, त्यातून कुठल्या पिकाखालचं किती क्षेत्र कुठल्या पिकाकडं गेलं याचा तक्ता काढता येतो. शिकायला जरूर वापर, पण त्यात भारत नाही, त्यामुळं मोहोळ शोधत बसू नको.

आता हे त्यांना जमतं कसं तेवढं समजून घ्या. उपग्रहाला वरून मका कळत नाही, त्याला फक्त उजेडाचा रंग कळतो. तिथले शेतकरी सरकारी योजनांसाठी कुठल्या तुकड्यात काय पेरलं हे लिहून देतात, त्या नोंदीवरनं कॉम्प्युटरला शिकवलं जातं की असा रंग म्हणजे मका. एवढं करूनही मका-सोयाबीनसारख्या मोठ्या पिकांना अचूकता साधारण ८५ ते ९५ टक्क्यांत असते, गवत आणि पडीक यांच्यात तर घोळ जास्तच. आणि तिथं एकेक तुकडा केवढा अन् आपला केवढा!

आपल्याकडं १० मीटरचा ठिपका म्हणजे १०० चौरस मीटर, सातबाऱ्यावरचा १ आर, म्हणजे धरा गुंठाभरच. ऐकायला भारी वाटतं. पण एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर त्यात जेमतेम ६ बाय ६ ठिपके बसतात, ३६ पैकी २० कडेचे, आणि कडेच्या ठिपक्यात बांध, बांधावरची बाभळ, शेजारच्याचा ऊस असं सगळं मिसळून येतं. ३० मीटरचा ठिपका ९ गुंठ्यांचा. इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर वर्षावार जमीनवापराचे जे नकाशे आहेत ते ५६ मीटरच्या ठिपक्यावरचे, म्हणजे एक ठिपका पाऊण एकराचा. त्यात खरीप, रब्बी, दोनपिकी, चालू पड, फळबाग असे गट मिळतील, ज्वारी की करडई ते नाही. जिल्ह्याचा कल बघायला चांगलं आहे, गट नंबरला लावू नका.

सांगोलेकरांचं उत्तर आता. तुम्ही युरोपच्या अवकाश संस्थेनं काढलेला जगाचा वर्ल्डकव्हर नकाशा बघितलाय. त्यात ‘शेतजमीन’ म्हणजे फक्त हंगामी पिकं. ज्वारी मोडून डाळिंब लावलं की त्याच्या हिशेबात ते झाड किंवा झुडूप, म्हणजे बाग वाढली तेवढी शेती घटली! बरं, तो नकाशा २०२० आणि २०२१ असा दोन वर्षांचा आहे, पण दोन्ही वेगवेगळ्या पद्धतीनं बनवलेत, त्यामुळं एकातनं दुसरा वजा करायचाच नाही, हे बनवणाऱ्यांनीच सांगून ठेवलंय. गुगलचा डायनॅमिक वर्ल्ड हा नकाशा २०१५ च्या मध्यापासून आहे आणि उपग्रहाच्या प्रत्येक कमी ढगाळ फोटोगणिक मिळतो, पण त्यातही सगळी पिकं मिळून एकच गट. डाळिंबाची आणखी एक गंमत, ४.५ बाय ३ वर लागवड असेल तर एका ठिपक्यात सात-एक झाडं येतात, बाकी माती. तुम्ही बहार धरायला ताण देऊन पानगळ केली की वरनं बाग उघडी जमीन दिसणार. हस्त बहारवाला आणि मृग बहारवाला शेजारी शेजारी असले तरी नकाशात एकाची बाग, एकाचं पडीक.

असंच उजनीच्या फुगवट्याचं. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की करमाळा-माढ्याकडं गाळपेर होते, एकाच वर्षात पाण्याचं शेत आणि शेताचं पाणी, त्याला कुणी जमीनवापर बदलला म्हणून रिपोर्टात घालू नका.

मग स्वतः करायचं असेल तर ऊस-ज्वारीपासून सुरुवात करा, कारण आपल्या सोलापूर जिल्ह्यात रब्बीला आभाळ मोकळं असतं. कोपर्निकस ब्राउझर या युरोपच्या उपग्रह-फोटोंच्या संकेतस्थळावर फुकट खातं काढा, सेंटिनेल-२ हा उपग्रह निवडा, एनडीव्हीआय म्हणजे पिकाचा हिरवेपणा दाखवणारा आकडा लावा आणि एकाच पीकवर्षाच्या तीन तारखा बघा, नोव्हेंबर, जानेवारी, एप्रिलअखेर. ज्वारी जानेवारीत हिरवी आणि एप्रिलला रान मोकळं, ऊस एप्रिलमध्येही हिरवा. नुकताच तुटून गेलेला खोडवा मात्र फसवतो आणि केळीही उसासारखीच हिरवी दिसते, म्हणून एका तारखेवर जायचं नाही. ज्वारी आणि हरभरा नुसत्या डोळ्यानं वेगळं करायच्या नादाला सुरुवातीला लागू नका, तिथं भलेभले चुकतात. खरिपात ढग आडवे येतात, त्याला ढगातूनही बघणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार लागतं, ते पुढचं.

गावातले पन्नास-साठ तुकडे पायी फिरून, जीपीएस घेऊन, पीक लिहून आणा आणि क्यूजीआयएस या फुकटच्या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये टाका. हे न करता काढलेल्या टक्केवारीला मी तरी किंमत देत नाही. हिशोब करा ना, दोन वर्षांचे नकाशे प्रत्येकी ८५ टक्के बरोबर असले अन् चुका वेगवेगळ्या जागी पडल्या तर दोन्हीत बरोबर असलेली जागा ७२ टक्केच उरते, बाकीच्या २८ मध्ये कुठला तरी एक नकाशा चुकलेला, आणि त्यातला बराचसा भाग तुम्हाला ‘बदल’ म्हणून दिसणार. शिवाय २०२३ सारखं दुष्काळी साल एका बाजूला आणि चांगल्या पावसाचं दुसऱ्या बाजूला ठेवलं तर पीकबदल नाही, पाऊस मोजला जातो. दोन्हीकडं तीन-तीन वर्षं धरा.

राहिला शेवटचा प्रश्न, हा नकाशा दाखवून सातबाऱ्यावरची पिकाची नोंद दुरुस्त होईल का. नाही होणार. त्याला ई-पीक पाहणीच लागते, ती मुदतीत रानात उभं राहून फोटोसह करा. मोहोळच्या पोरानं आधी स्वतःच्या गावाचे तीन तारखांचे फोटो आणि पायी फिरून केलेली यादी पाठवावी, मग आर-बिरचं बघू.