ट्रक आले, यादी कुठे आहे?

वाचकांचे प्रश्न

(या सदरात उत्तरं देतात महसूल खात्यातून निवृत्त झालेल्या एक नायब तहसीलदार. किल्लारीच्या भूकंपापासून पुढे अनेक पुरांत त्यांनी मदतवाटप आणि छावण्यांचं काम केलं आहे.)

प्रश्न : ताई, आम्ही शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावातल्या तरुण मंडळाची पोरं. २०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांत बाहेरून मदत भरपूर आली. पण ट्रक डांबरी रस्त्यालगतच थांबायचे. तिथल्या काही घरांत बिस्किटांचे नि पाण्याचे खोके छताला लागले, आणि मळ्यातल्या वस्तीवर चार दिवस काही पोचलं नाही. पाणी उतरल्यावर त्यावरून भांडणं झाली. यंदा समन्वयाचं काम आम्ही अंगावर घ्यायचं म्हणतो. सुरुवात कुठून करायची? आणि सरपंच, तलाठी, बाहेरच्या संस्था आमचं ऐकतील का?

उत्तर : तुमच्या पत्रातली ती मळ्यातली वस्ती मला चांगली ओळखीची आहे. मला ती १९९३ साली भेटली.

३० सप्टेंबरची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हलली. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा लिपिक होते, नोकरीला तीनच वर्षं झालेली. आमची पाच-सहा जणांची तुकडी सास्तूरच्या बाजूला पाठवली. पाऊस लागलेला. रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर मदतीचे ट्रक, बघायला आलेली माणसं आणि जखमींना घेऊन निघालेल्या गाड्या.

माझ्या ताब्यात ब्लँकेटांचा एक ट्रक आला. मी तो रस्त्याकडेला उभा केला आणि जो हात पुढे येईल त्याच्या हातात ब्लँकेट देत गेले. अंधार पडेपर्यंत ट्रक रिकामा झाला. काम झालं असं वाटून मी त्या रात्री शांत झोपले. तिसऱ्या दिवशी एक बाई कडेवर पोर घेऊन चिखल तुडवत आली. म्हणाली, "बाई, आमच्या वस्तीकडं कुणीच आलं न्हाई." ओढ्यापलीकडे अकरा घरं होती. तीन रात्री ती माणसं पावसात उघड्यावर होती. तिने माझ्यावर राग धरला नाही, ते मला जास्त लागलं. मी शेकडो ब्लँकेटं वाटली होती, पण ती कुणाकुणाला गेली हे मला सांगता येईना. त्या रात्री मी शाळेची दोनशे पानी वही मागून घेतली आणि कंदिलाच्या उजेडात घरं लिहायला बसले. पुढे नोकरीत जे थोडंफार बरं काम माझ्या हातून झालं, ते त्या वहीच्या पद्धतीने झालं.

म्हणून माझं पहिलं सांगणं : यादी करा, आणि ती आत्ता, जूनमध्ये करा. पाणी चढायला लागल्यावर यादी होत नाही. रेशनकार्डावरून किंवा मतदारयादीवरून उतरवून घेऊ नका. भाडेकरू, परगावचे मजूर, शेतातल्या खोपटात राहणारे, नवऱ्याच्या माघारी एकट्या राहणाऱ्या बायका ही माणसं तिथे सापडत नाहीत, आणि वाटपातून सुटतात ती हीच. दोघादोघांनी घरोघर जा. जोडीत एक मुलगी असू द्या, म्हणजे घरातली बाई मोकळेपणाने बोलेल. घरात माणसं किती, अंथरुणाला खिळलेलं कोण, गरोदर कोण, रोजची गोळी किंवा इन्सुलिन कुणाला, डायलिसिसला कोण जातं, जनावरं किती, आणि २०१९ चं पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, एवढं लिहा. आशाताईंना बरोबर घ्या, अर्धी माहिती त्यांच्या डोक्यात असते. यादीच्या तीन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत, एक तहसील कचेरीच्या आपत्ती कक्षात आणि एक प्लास्टिकमध्ये बांधून गावातल्या सगळ्यांत उंचावरच्या घरी.

ऐकतील का, हा तुमचा दुसरा प्रश्न. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्ह्याची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहेत, तालुक्यात ते काम तहसीलदार बघतात. गावपातळीची समिती बहुतेक ठिकाणी कागदावर असतेच. तिच्या शेजारी दुसरी समिती काढू नका. मी सरकारी खुर्चीत बसले आहे म्हणून सांगते : पुराच्या दिवसांत तहसीलदाराच्या टेबलावर शंभर माणसं येतात, प्रत्येकजण "आमच्या गावाला काहीच नाही" म्हणतो आणि कुणाजवळ आकडा नसतो. तिथे तुम्ही तलाठी नि ग्रामसेवकाच्या सहीची यादी ठेवलीत आणि "या १४ घरांना पाणी नाही, इथवर ट्रॅक्टर जातो, पुढे बोट लागते" असं सांगितलंत, तर तुमचं काम आधी होईल. मी स्वतः तसंच केलं आहे.

ट्रकबद्दल. बाहेरचा ट्रक गावात येऊच देऊ नका. तालुक्याच्या ठिकाणी, पूररेषेच्या वर, बाजार समितीचं गोदाम किंवा मंगल कार्यालय तहसीलदारांकडून आधी ठरवून घ्या. माल तिथे उतरेल, मोजला जाईल आणि यादीप्रमाणे ट्रॅक्टरने गावोगाव जाईल. देणाऱ्यांना ते रुचत नाही. त्यांना स्वतःच्या हाताने द्यायचं असतं, फोटो हवा असतो. त्यांच्यातल्या दोघांना ट्रॅक्टरवर बसवून वस्तीपर्यंत न्या. माझा अनुभव असा की तो चिखल पाहून आलेला माणूस पुढच्या वेळी तुम्हालाच आधी फोन करतो, काय आणू म्हणून.

आणि रोज संध्याकाळी सातला, एकाच जागी, वीस मिनिटांची बैठक. गावात काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेचा एक माणूस आलाच पाहिजे. आज कुठे दिलं, उद्या कुठे जाणार, शिल्लक काय, कोण राहिलं, एवढंच बोलायचं. २००४ च्या त्सुनामीत आणि इतर संकटांत एकाच गावात दहा संस्था आणि शेजारच्या गावात कुणीच नाही असं जगभर दिसलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांनी २००५ पासून पाणी, निवारा, आरोग्य अशी कामं वाटून प्रत्येक कामाला एक जबाबदार संस्था नेमायची पद्धत आणली. तुमच्या गावात तेच माणसांच्या नावाने करा. पाण्याला एकजण, औषधांना एकजण, बोटीला एकजण, आणि प्रत्येकाला एक बदली. बदली विसरू नका. ज्याचं स्वतःचं घर पाण्यात जाईल तो त्या दिवशी येऊ शकणार नाही.

बोटीवर किती माणसं बसवायची तो आकडा ऑइलपेंटने बोटीवरच लिहा आणि काठावर फक्त मोजायला एक धट्टाकट्टा माणूस उभा करा. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली. तीत मावतील त्यापेक्षा जास्त माणसं चढली होती. घाबरलेल्या माणसाला थांब म्हणायला कुणीतरी नेमलेला असावा लागतो, त्याच्या चांगुलपणावर ते सोडता येत नाही.

कधी निघायचं, हेही आत्ताच लिहून ठेवा. राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले हे तुमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं, पण त्यावरून आपण काय करायचं हे ठरलेलं नसतं. कोल्हापूरला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४० आणि ४५. तुमच्याकडे पंचगंगेचं पाणी येतं आणि कृष्णेचंही, त्यामुळे दोन्ही आकडे बघावे लागतात. तुमच्या गावातला रस्ता या आकड्यांच्या किती आधी तुटतो हे म्हातारी माणसं अचूक सांगतील. त्यांना विचारा. आजारी माणसं आणि गरोदर बायका इशारा पातळीलाच हलवायच्या, असा ठराव ग्रामसभेत करून घ्या.

प्रश्न : पुण्यातल्या आमच्या सोसायटीत दर पुराच्या वेळी कपडे गोळा करून पाठवतो. यंदा काहीजणींचं म्हणणं आहे की पैसे पाठवावेत. पैशांचं पुढे काय होतं ते कळत नाही, म्हणून माझं मन होत नाही. काय करावं?

उत्तर : कपडे पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती. सास्तूरच्या बाजूला रस्त्याकडेला कपड्यांचे ढीग पावसात कुजताना मी पाहिले आहेत. शहरातले कोट, तोकडे फ्रॉक, नायलॉनच्या साड्या. नऊवारी नेसणाऱ्या आजीला त्यातलं काय चालणार? तिला सुती लुगडं हवं होतं, परकर हवा होता, पोरींना पाळीचे कपडे हवे होते, आणि ते त्या ढिगात नव्हतं. वर तो ढीग निवडायला माणसं लागली. ती ढिगाऱ्याखालची भांडी नि धान्य काढायला उपयोगी पडली असती.

पैशांबद्दलची तुमची शंका रास्त आहे. तिच्यावर उपाय असा की देण्याची वेळ बदला. पूर आल्यावर द्यायचं ते पूर यायच्या आधी द्या. नेपाळचं उदाहरण मी प्रशिक्षणात नेहमी सांगायचे. काठमांडूचा विमानतळ एकाच धावपट्टीचा. भूकंप होणार हे सगळ्यांना माहीत होतं, कधी ते माहीत नव्हतं. जागतिक अन्न कार्यक्रमाने त्या विमानतळावरच मदतीचा माल उतरवायची, साठवायची नि पुढे पाठवायची जागा तयार केली आणि मार्च २०१५ मध्ये ती सुरू झाली. २५ एप्रिलला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळपास नऊ हजार माणसं गेली. जगभरातून विमानं आली, धावपट्टी खराब होऊ लागली, फार जड विमानं थांबवावी लागली. अशा गर्दीत ती महिनाभरापूर्वीची जागा होती म्हणून पहिल्या दिवसापासून माल हलायला लागला.

तुमच्या सोसायटीने एक गाव धरावं. मे-जूनमध्ये तिथल्या ग्रामपंचायतीला विचारून काय कमी आहे ते विकत घेऊन द्यावं : लाइफ जॅकेटं, दोर, मोठ्या बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या. पावती तुमच्या हातात, वस्तू तुमच्या डोळ्यांसमोर. सोबत एक हिशोब सांगते. छावणीत माणशी दिवसाला निदान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक संडास आणि माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, असं जगभर मानलेलं किमान माप आहे. ३०० माणसांना दिवसाला साडेचार हजार लिटर झालं, म्हणजे रोज एक ट्रॅक्टरचा टँकर. २० फूट बाय २५ फुटांच्या वर्गात १३ माणसं नीट राहतात. आपण तिथे पन्नास कोंबतो आणि मग बायका अंधार पडेपर्यंत पाणी पीत नाहीत, कारण संडास एक आणि तोही मागच्या बाजूला. तुमच्या पैशांतून त्या शाळेच्या आवारात दोन संडास आणि त्यांच्या वाटेवर दिवा झाला, तर मला फार आनंद होईल.

थोडे पैसे पाणी उतरल्यानंतरसाठीही राखून ठेवा. तेव्हा ट्रक येणं बंद झालेलं असतं, आणि विहिरी उपसायच्या, गाळ काढायचा, पोरांची वह्या-पुस्तकं घ्यायची, हे सगळं उरलेलं असतं.

प्रश्न : आमचं गाव वाळवा तालुक्यात, घर नदीजवळ. सासूबाई म्हशी सोडून घराबाहेर पडायला तयार होत नाहीत. २०१९ ला शेवटच्या क्षणी त्यांना उचलून आणावं लागलं. त्यांना कसं समजावू?

उत्तर : त्यांना समजावू नका, म्हशींची सोय करा. दुधावर ज्या बाईने घर उभं केलं, तिला दावणीला बांधलेलं जनावर सोडून ये म्हणणं म्हणजे काय, याचा विचार आम्ही सरकारी माणसंही उशिरा करायला लागलो.

बांगलादेशात हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकले. १९७० च्या चक्रीवादळात तिथे तीन लाखांहून जास्त माणसं गेली. नंतर सरकार आणि रेड क्रिसेंट (रेड क्रॉसचीच तिथली संस्था) यांनी मिळून गावोगाव स्वयंसेवकांच्या तुकड्या उभ्या केल्या. भोंगा, निशाणं, हाताने फिरवायचा सायरन घेऊन ते दारोदार जातात. सोबत किनाऱ्यावर मातीचे उंच भराव घातले, जनावरांसाठी. त्यांना तिकडे 'किल्ला' म्हणतात. तरी १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली आणि त्यांत बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. कुणी नवरा येण्याची वाट बघत थांबली, कुणी घर नि गुरं सोडेना, कुणाला परक्या पुरुषांच्या गर्दीत निवाऱ्यात जायचा संकोच. आज तिथल्या प्रत्येक तुकडीत निम्म्या बायका असतात. दारात बाई येऊन "चला" म्हणते, तेव्हा घरातली बाई निघते. २००७ च्या सिद्र वादळातही तीन हजारांवर माणसं गेली, पण आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा.

तुमच्याकडे जनावरांची छावणी कुठे लागणार, हे तलाठ्यांना आत्ताच विचारा. जागा ठरली नसेल तर ग्रामसभेत लावून धरा. मग एका दुपारी सासूबाईंना ती जागा दाखवून आणा. पाणी कुठून येईल, वैरण कुठे रचायची, त्यांची खाट म्हशींपासून किती हातांवर पडेल, हे त्यांनाच ठरवू द्या. म्हशींच्या कानाला बिल्ले असतील तर त्यांचे नंबर वहीत लिहा, नसतील तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून मारून घ्या. पंचनाम्याच्या वेळी आणि हरवलेलं जनावर ओळखताना ते लागतात. इशारा पातळी आली की आधी म्हशी हलवा, सासूबाई त्यांच्या मागोमाग येतील.

आणि गोठ्याच्या दाराशी, हात पोचेल अशा उंचीवर, धार लावलेला एक विळा टांगून ठेवा. रात्रीतून पाणी गोठ्यात शिरलं तर भिजलेल्या दाव्याची गाठ सुटत नाही, दावं कापावं लागतं.