रेस एकदम पिळली की गाडी गुदमरते. मोठा जेट टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कार्ब्युरेटरची जुनी १०० सीसी गाडी, हळूहळू रेस दिली तर मस्त पळते. ओव्हरटेकला जोरात पिळली की गुदमरते, कार्ब्युरेटरमधून फट्ट करून खोकते. गॅरेजवाला म्हणतो, मिक्श्चर लीन आहे (हवा जास्त, पेट्रोल कमी), मोठा मेन जेट (फुल रेसला पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी स्क्रू) टाकू.

आत्ता टाकू नका. आधी एवढंच बघा, गाडी पिळल्या क्षणी अडते की चार-पाच सेकंद नीट ओढून मग मरते? हे चालवणाऱ्यालाच कळतं. गॅरेजात स्टँडवर कितीही रेस करा, इंजिनावर लोड नसतो आणि लोडशिवाय हा आजार बऱ्याचदा तोंड दाखवत नाही.

लीन आहे की नाही याची खात्री चोकने होते. मी सकाळी साडेसहाच्या आत सोलापुरात अक्कलकोट रोडला जातो, नंतर तिथे एमआयडीसीची गर्दी सुरू होते. तिसऱ्या गिअरला फुल रेस द्यायची आणि गाडी गुदमरली की चोक पाव-अर्धा ओढायचा. सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय. जास्तच बिघडली तर पेट्रोल आधीच जादा आहे. काहीच फरक नाही पडला तर कार्ब्युरेटरला हात लावू नका, प्लग आणि कॉइल बघा. प्लगच्या रंगावर माझा फारसा भरवसा नाही. फुल रेसला क्लच दाबून तिथल्या तिथे इंजिन बंद केलं तरच तो रंग खरा. घरापर्यंत रमतगमत येऊन काढलेला प्लग आयडलिंगचा रंग दाखवतो.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, पण फुल ताकदीला इंजिनाला १२.५ ते १३ च्या आसपास, म्हणजे जरा दाट मिक्श्चर हवं असतं. इथेनॉलला तर नऊच किलो हवा पुरते, म्हणून ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) त्याच जेटमधून मिक्श्चर थोडं पातळच होतं. जी गाडी आधीच काठावर होती ती आता खोकायला लागते.

पिळल्या क्षणी अडत असेल तर: हवा हलकी, ती लगेच आत धावते, पेट्रोल जड, ते मागे राहतं. त्यात स्लाइड (रेसच्या केबलने वर उचलला जाणारा कार्ब्युरेटरचा दट्ट्या) झटक्यात वर गेली की हवेचा वेग पडतो आणि पेट्रोलची ओढही कमी होते. (जुन्या कारच्या कार्ब्युरेटरला यासाठीच पिचकारीसारखा पंप असतो.) इथे स्लो जेट (कमी रेसचा छोटा जेट) साफ करा, स्लाइडला लटकणाऱ्या सुईला खाचा असतील तर क्लिप एक खाच खाली घ्या म्हणजे सुई वर येईल, आणि मॅनिफोल्डचं रबर (कार्ब्युरेटर आणि इंजिनामधला जोड) तपासा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, रबराला चिरा पडायला वेळ लागत नाही. इंजिन आयडलिंगला ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा. आवाज बदलला की तिथून हवा ओढतेय.

थोडं ओढून मग मरत असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. यात मी स्वतः दोन महिने घातलेत. माझी गाडी तुळजापूरच्या घाटात दर वेळी मरायची, पाच मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. एका गॅरेजात मोठा जेट टाकून घेतला, तर आणखी लवकर मरायला लागली! तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. मोठ्या जेटने बाऊल (कार्ब्युरेटरखालची पेट्रोलची वाटी) लवकर रिकामा होत होता. टाकीच्या कॉकची नळी काढून बघितली, धार चांगली जाड. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोकही मोकळं. मग नळी परत लावली, कॉक चालू ठेवला, बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि खाली बाटली धरली. पहिल्यांदा भळाभळा, नंतर नुसते थेंब. फ्लोटची सुई (बाऊल भरला की पेट्रोल बंद करणारी) काढली तर तिच्या सीटमध्ये निळा धागा, नखाएवढा. आपल्याकडे गॅरेजात हात पुसायला यंत्रमागाचं वेस्ट असतं ना, त्यातला. कोणीतरी त्यानेच बाऊल पुसला असणार. धागा ओढून काढला, जुना जेट परत बसवला आणि घाट तिसऱ्या गिअरला चढलो.

म्हणून ड्रेन स्क्रूची धार तुम्हीही बघाच, पेट्रोल असतं, तेव्हा इंजिन थंड असू द्या आणि जवळ बिडी-सिगारेट नको. झाकण बंद ठेवून दोन मिनिटं धार जाऊ द्या. बारीक झाली तर झाकण उघडा, उघडल्यावर पुन्हा जोर आला तर दोष झाकणाच्या भोकाचा. धार शेवटपर्यंत जाड राहिली आणि चोक ओढल्यावर गाडी खरंच सुधारत असेल, तर मग मेन जेट एक नंबर मोठा करून बघायला हरकत नाही. टू-स्ट्रोक असेल तर मात्र हे सगळं होईपर्यंत फुल रेसला पळवू नका, लीनवर पिस्टन धरतो (तापून सिलिंडरमध्ये अडकतो).