न उघडलेलं पाकीट

प्रश्न: आई जाऊन आठ महिने झाले. तिचं कपाट आवरताना कपड्यांखाली पत्र्याचा एक डबा मिळाला. आत दोरीने बांधलेली तेवीस पत्रं. सगळी आईला लिहिलेली, खाली सही ‘तुझी ताई’. आईला मोठी बहीण होती हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. सोबत तीन मुलींचा एक फोटो आहे. त्यातल्या मोठीचा चेहरा कापून काढलाय, तिथे बोटाच्या पेराएवढं गोल भोक आहे. शेवटचं पत्र तर आईने उघडलेलंच नाही. त्या पिढीतली आता एकटी धाकटी मावशी उरली आहे, ८१ वर्षांची. डबा दाखवला तर ‘जाळून टाक सगळं’ म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. भाऊ म्हणतो, पाकीट उघडू, सगळ्याचे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू, कुणाला तरी माहीत असेल. मी चार पत्रं वाचली आणि पुढे हात धजावेना. दुसऱ्याची पत्रं वाचणं चूक आहे का? मावशीला किती खोदून विचारायचं?

प्रिय मैत्रिणी,

जाळू नका. पण मावशीचं समाधान व्हावं म्हणून ‘जाळलं’ असं खोटंही सांगू नका. ‘जपून ठेवलंय, तुला विचारल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही,’ एवढंच सांगा. हा शब्द पाळायचा तर भावाला आजच थांबवावं लागेल. ताईची मुलं-नातवंडं कुठेतरी असतील. त्यांना आपल्या आईची, आजीची गोष्ट भलत्याच पन्नास जणांच्या शेऱ्यांसकट कळावी, हे बरं नाही. भावाला उत्सुकता आहे यात गैर काही नाही. त्याला काम द्या, मी खाली सांगते ते.

पाकिटाबद्दल लिहिताना मला नेदरलँड्समधल्या हेग शहरातली एक पेटी आठवते. सतराव्या शतकात तिथल्या एका पोस्टमास्तरने पोहोचू न शकलेली पत्रं तिच्यात साठवली होती. अशी हजारो पत्रं, आणि त्यांतली सहाशेच्या आसपास कधी उघडलीच गेली नाहीत. २०२१ साली संशोधकांनी त्यांतलं एक पत्र न उघडता, क्ष-किरणांनी आतल्या घड्या टिपून वाचलं. ते ३१ जुलै १६९७ चं होतं. त्यात एका माणसाने आपल्या चुलतभावाकडे काय मागितलं होतं, माहीत आहे? नात्यातल्या एकाच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत. म्हणजे तुम्ही आज जे शोधताय त्याच जातीची गोष्ट. आणि पत्रं पडून राहिली ती सगळी कुणी रागाने नाकारली होती असंही नाही. त्या काळी टपालखर्च बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचा असे. कुणाकडे पैसे नसत, कुणी गाव सोडून गेलेला असे, कुणी वारलेला असे.

तुमच्या आईचं पाकीटही ‘बोलणं तुटलं म्हणून उघडलं नाही’ असं धरून चालू नका. ताई गेल्याची बातमी आधी आली आणि पत्र मागून आलं, असंही घडलं असेल. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख वाचता येत असेल तर लिहून ठेवा. आईने ते आयुष्यभर उघडलं नाही आणि टाकलंही नाही. या दोन्ही गोष्टी तिने जाणूनबुजून केल्या. म्हणून ते एक पाकीट मावशी आहे तोवर बंद राहू द्या. उघडायचंच झालं तर तिच्या देखत, तिच्या होकाराने.

बाकीची बावीस मात्र वाचा. यात मला चूक दिसत नाही. आईला ती नष्ट करायला उभा जन्म मिळाला होता, तरी तिने ती दोरीने बांधून ठेवली. फक्त चार पत्रांवर थांबू नका, आणि चार पत्रांवरून मतही बनवू नका. हे अर्धंच संभाषण आहे, आईची उत्तरं तुमच्याकडे नाहीत. वही घ्या. डाव्या पानावर ताईचं पत्र जसंच्या तसं उतरवा, चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. उजव्या पानावर, आईने आधी काय लिहिलं असेल ते ताईच्या उत्तरातून ओळखून लिहा. ‘तू विचारलंस म्हणून सांगते’ अशा एका ओळीतून आईचं अख्खं पत्र हाती लागतं. माझ्या मते या शोधातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. ताईला शोधता शोधता तुम्हाला तुमची आई भेटेल, लग्नाआधीची, कुणाचीच आई नसलेली.

अक्षराकडेही लक्ष ठेवा. ते मधेच बदलत असेल तर काही पत्रं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेली असू शकतात. समोर लिहिणारा बसलेला असताना माणूस मनातलं सांगत नाही. ‘सर्व खुशाल, काळजी नसावी’ इतकंच लिहिलेलं पत्र थंडपणाचं असेलच असं नाही. पोस्टकार्डाचंही तेच. १८६९ साली ऑस्ट्रिया-हंगेरीत ते पहिल्यांदा निघालं तेव्हापासूनच ते वाटेत कुणीही वाचू शकतं, म्हणून खरं दुःख पाकिटातच जातं. कार्डं आणि पाकिटं वेगळी मांडून पाहा.

भावासाठी काम: प्रत्येक पत्राचा आणि पाकिटाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढणं, पत्र त्याच्याच पाकिटासोबत ठेवणं, कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालणं. हात धुऊन कोरडे केलेले असावेत. टाचण्या असतील तर हळूच काढाव्यात, त्यांचा गंज कागद खातो. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, ते पुन्हा सोडवता येत नाही. तारखेसोबत वार लिहिलेला असेल तर कॅलेंडरशी ताडून पाहावा. साल लिहिलेलं नसलं तरी त्यावरून बरंच ठरवता येतं.

आता तो फोटो. तुम्ही लिहिलंत ‘चेहरा कापून काढलाय’, आणि त्या शब्दांत मला राग ऐकू आला. पण भोक गोल आहे, पेराएवढं आहे. रागाने कापणारा माणूस कात्री सरळ चालवतो, नाहीतर आख्खी बाजूच फाडतो. एवढा नेटका गोल कापतात तो बहुधा लॉकेटात बसवायला. कदाचित मी चुकत असेन. पण आईच्या आणि मावशीच्या जुन्या फोटोंत दोघींच्या गळ्यांकडे एकदा पाहा.

मावशीला खोदून विचारू नका. ‘जाळून टाक’ म्हणणाऱ्या माणसाला ते अजून दुखतंय, आणि ८१ व्या वर्षी तिने ते सांगावंच असा कुणाचा हक्क नाही. वेळ थोडा आहे हे मला कळतं. तरीसुद्धा पुढच्या भेटीला डबा नेऊ नका, प्रश्न नेऊ नका. फक्त तो फोटो घेऊन जा, तिच्या हातात द्या आणि म्हणा, ‘यातली तू कुठली ते मला ओळखू येईना.’ ती स्वतःवर बोट ठेवेल. मग ते बोट कुठे जातं, की तिथेच थांबतं, ते पाहत बसा. थांबलं तर फोटो तिच्यापाशीच राहू द्या आणि तिच्या तब्येतीची विचारपूस करून घरी या.