बारा हजारांची पहिली नोकरी घ्यावी का?

प्रश्न : मी यंदा बीसीए झालो. पणजीतील एका संगणक देखभाल कंपनीने मला ‘डेस्कटॉप सपोर्ट’साठी दरमहा १२,००० रुपयांवर बोलावले आहे. हॉटेले आणि कार्यालये यांच्याकडून येणाऱ्या संगणक, प्रिंटर व नेटवर्कच्या तक्रारी दूर करायच्या, असे कामाचे स्वरूप आहे. एवढ्या पैशांसाठी डिचोलीहून रोज ये-जा करण्यापेक्षा घरी राहून सरकारी भरतीची तयारी कर, असे बाबा म्हणतात. माझे दोन वर्गमित्र पुण्याला गेले असून त्यांना २५,००० रुपये मिळतात. कमी पगारावर सुरुवात केली तर माझी किंमत कायमची कमी होईल का? शिवाय कंपनी दोन वर्षांचा बाँड मागत आहे, त्याचे काय करावे?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुम्ही ही नोकरी घ्यावी, असे माझे मत आहे, मात्र होकार कळवण्यापूर्वी कंपनीला काही गोष्टी विचाराव्यात आणि बाँडचा मसुदा आहे तसा मान्य करू नये. पहिला पगार कमी असल्याने माणसाची किंमत कायमची उतरत नाही. ती उतरते ती दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीला गेल्यावर सांगण्यासारखे काही हाती नसेल तर.

पुण्याच्या २५,००० रुपयांचा हिशेब आधी नीट मांडा. तेथे खोली, जेवण आणि रोजचा प्रवास यांत त्यातील बराच मोठा भाग जातो. तुम्ही घरी राहणार, घरचे जेवणार आणि कदंब बसचा मासिक पास काढणार, त्यामुळे महिनाअखेरीस हाती उरणाऱ्या रकमेतला फरक १३,००० रुपयांचा राहत नाही. शिवाय नावाजलेल्या मोठ्या आयटी कंपन्यांतही नवोदितांना गेली कित्येक वर्षे वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच पगार मिळतो आहे. तेव्हा तुमच्या मित्रांना फार मोठे घबाड मिळाले आणि तुम्ही मागे पडलात, असे मुळीच मानू नका. अर्थात १२,००० ही रक्कम कमीच आहे, आणि ती किती काळ चालवून घ्यायची याची मर्यादा तुम्ही आजच ठरवायला हवी. एक ते दीड वर्ष ही मुदत मला योग्य वाटते.

या कामाकडे कमी दर्जाचे काम म्हणून पाहिले जाते, याचे मला वाईट वाटते. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरअखेरीस कळंगुटचे एखादे हॉटेल पाहुण्यांनी भरलेले आहे आणि स्वागतकक्षातील एक संगणक, जो दोन दिवस बंद होता, तो सुरू केल्यावर बिल छापत नाही. तुम्ही जाऊन पाहता, तर संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरील त्याचा ओळखक्रमांक) १६९.२५४ ने सुरू होणारा दिसतो. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर न आल्यामुळे विंडोजने स्वतःच तो पत्ता घेतलेला असतो, आणि त्या पत्त्यावरून प्रिंटरपर्यंत पोहोचता येत नाही. अननुभवी मुलगा संगणक बंद-चालू करतो, केबल बदलतो आणि प्रिंटरला दोष देऊन परततो. शिकू पाहणारा मुलगा सर्व्हर उत्तर का देत नाही याचा शोध घेतो, आणि त्याच्या लक्षात येते की पाहुण्यांचे वायफाय व कार्यालयातील संगणक एकाच नेटवर्कवर आहेत. अशा एका साध्या नेटवर्कमध्ये वापरता येण्याजोगे पत्ते २५४ असतात, आणि प्रत्येक पाहुण्याजवळ दोन-तीन उपकरणे असल्याने ते सगळे संपून गेले आहेत. पत्ता राखून ठेवण्याची मुदत कमी केली की तेवढ्यापुरते काम भागते. कायमचा उपाय म्हणजे व्हीलॅन (एकाच जोडणीवरचे स्वतंत्र आभासी नेटवर्क) करून पाहुण्यांचे नेटवर्क वेगळे काढणे. हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने केले, त्याला पुढच्या मुलाखतीत नेटवर्कविषयी पाठ केलेली उत्तरे द्यावी लागत नाहीत.

म्हणूनच कंपनीला पगाराच्या आधी हे विचारा : मला ज्याच्या हाताखाली शिकता येईल असा अनुभवी माणूस तेथे आहे का? तक्रारींची नोंद तिकीट पद्धतीने, म्हणजे प्रत्येक तक्रारीला क्रमांक देऊन, ठेवली जाते का? सहा महिन्यांनंतर सर्व्हर, फायरवॉल, स्विच यांना हात लावू दिला जाईल का? या तिन्हींचे उत्तर नकारार्थी असेल आणि काम केवळ टोनर पोहोचवण्याचे व की-बोर्ड बदलण्याचे असेल, तर २०,००० रुपये देऊ केले तरी ती नोकरी घेऊ नका.

गोव्यात पुढे वाट नाही, हा समजही मला पटत नाही. पर्वरी, पणजी व वेर्णा येथे सॉफ्टवेअर कंपन्या आहेतच, पण तुमच्यासारख्यांनी औषधनिर्मितीच्या कारखान्यांकडे अधिक लक्ष द्यावे. अमेरिकेला औषधे पाठवणाऱ्या कारखान्यांना तेथील अन्न व औषध प्रशासनाचा इलेक्ट्रॉनिक नोंदींविषयीचा, १९९७ पासून लागू असलेला २१ सीएफआर भाग ११ हा नियम पाळावा लागतो. त्यानुसार कोणी कोणती नोंद केव्हा बदलली याचा माग राहिला पाहिजे, आणि संगणक प्रणालीतील बदल तपासून, मंजूर करून, लेखी नोंदवला गेला पाहिजे. सपोर्टचे काम आणि ही शिस्त या दोन्ही गोष्टी जाणणारी माणसे सहज मिळत नाहीत, त्यामुळे त्यांना चांगला पगार मिळतो. त्यासाठी आजपासूनच आपण सोडवलेल्या प्रत्येक तक्रारीची वही ठेवा : काय बिघडले, कारण काय निघाले, काय केले. ग्राहकांचे पासवर्ड वा खासगी माहिती मात्र त्यात कधीही लिहू नका.

आता बाँडविषयी. कंपनीने तुमच्या प्रशिक्षणावर खरोखर खर्च केला असेल, तर ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार न्यायालये सरसकट अवैध ठरवत नाहीत. मात्र भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी वाजवी भरपाईच मिळू शकते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तो आकडा आपोआप वसूल होत नाही. नोकरी सोडल्यानंतर याच क्षेत्रात अमुक वर्षे काम करायचे नाही, अशी अट असल्यास ती कलम २७ खाली सामान्यतः टिकत नाही. तुम्ही मुदत एक वर्षावर आणण्याची, रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकी ठेवण्याची आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करण्याची मागणी लेखी करा. मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र कोणत्याही परिस्थितीत कंपनीकडे ठेवू नका.

पगार बँकेतच घ्या आणि दरमहा वेतनचिठ्ठी मागा, कारण पुढची कंपनी तीच पाहते. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो आणि दहा किंवा अधिक असतील तर कर्मचारी राज्य विमा योजना; १२,००० रुपये वेतनावर विम्यासाठी तुमचे ०.७५ टक्के, म्हणजे अवघे ९० रुपये कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. देऊ केलेला पगार राज्याच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही ना, हे पाटो, पणजी येथील कामगार आयुक्तालयात विचारून घ्या.

बाबांच्या म्हणण्यात काळजी आहे, ती समजून घ्या, पण परीक्षांची तयारी आणि नोकरी एकाच वेळी करता येते. जाहिरातीची वाट पाहत घरी काढलेली दोन वर्षे मात्र बायोडेटात लपत नाहीत. अभ्यासासाठी एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे आणि सिस्को नेटवर्किंग अकादमीचे अनेक अभ्यासक्रम विनामूल्य आहेत. सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर, म्हणजे तुमच्या दोन महिन्यांच्या पगाराहूनही अधिक आहे. ते लगेच भरू नका. वर्षभर अभ्यास व सराव करा आणि कंपनी शुल्क देते का, हे विचारून मगच परीक्षेला बसा.

प्रश्न : माझी मुलगी संगणकशास्त्राची पदवीधर आहे. एक संस्था ६०,००० रुपये घेऊन सहा महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर ‘हमखास नोकरी’ देणार आहे. पैसे भरावेत का?
– एक आई, फोंडा

उत्तर : भरू नयेत. ‘हमखास’ या शब्दामागे कोणती कंपनी, कोणते पद आणि किती पगार आहे, हे लेखी मागा. नोकरी न मिळाल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील, हेही त्यात असू द्या. तेवढे लिहून देण्यास संस्था तयार नसेल, तर बोलणे तेथेच थांबवावे. त्यापेक्षा मुलीचे नाव राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेच्या संकेतस्थळावर नोंदवा. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली चालणाऱ्या या योजनेत पदवीधरांना कंपनीत प्रत्यक्ष काम करत शिकता येते, दरमहा विद्यावेतन मिळते आणि अखेरीस प्रमाणपत्रही मिळते. रक्कम फार नसते, पण येथे पैसे तुमच्या मुलीकडे येतात. नोंदणीसाठी पदवीची गुणपत्रिका, आधार आणि तिच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार ठेवा.