कवळी आहे, पण चावता येत नाही

ठाण्यात ज्येष्ठ मंडळींसाठी समुपदेशन करताना एक तक्रार सतत येते, आणि ती बहुतेक वेळा घरचीच माणसं घेऊन येतात. "एवढा खर्च करून कवळी करून दिली, तरी जेवताना काढून ठेवतात. हट्टीपणा म्हणायचा की अजून काही?" ज्यांच्या तोंडात कवळी आहे ते स्वतःहून क्वचितच बोलतात. दात गेल्याची लाज असतेच. दात बसवूनही खाता येत नाही, याची त्याहून जास्त असते.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले एक काका आठवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) फोन त्यांच्या सुनेचा होता. बाबा ताट घेऊन खोलीत जातात, आमच्याबरोबर बसत नाहीत, वजन उतरलंय, लग्नकार्याला यायचंही टाळतात. नैराश्य असेल का, असं तिने विचारलं. शंका रास्त होती, म्हणून काका आले तेव्हा आधी झोप, मन कशात लागतं, जगणं नकोसं वाटतं का, हे सगळं नीट विचारून घेतलं. काका कोपरीला बहिणीकडे नियमाने जात होते, क्रिकेटवर तावातावाने बोलत होते. मग मी विचारलं, "काका, आज दुपारी काय जेवलात?"

ते थांबले. शर्टाच्या खिशातून घडी घातलेला रुमाल काढून त्यांनी टेबलावर उलगडला. आत खालची कवळी होती. "दहीभात. हिला बाहेर ठेवून."

कवळी सगळीकडे गुळगुळीत, चकचकीत; डाव्या आतल्या कडेला मात्र खरखरीत ओरखडे. काकांनी घरी कानस मारली होती. "टोचत होती हो. जन्मभर कानसच चालवली, म्हटलं एवढं जमेल."

ही कवळी घेऊन परत दंतवैद्यांकडे जाणं, हे पहिलं काम होतं. कवळीची कड हिरडीला बेतून केलेली असते. ती हाताने कमी केली की पकड जाते आणि अन्नाचे कण खाली शिरतात. कुठे दाब पडतोय हे दंतवैद्य आतून लेप लावून, तोंडात बसवून पाहतात आणि नेमकं तेवढंच घासतात. काकांच्या बाबतीत आणखी एक घोळ होता. दुखायचं म्हणून ते अपॉइंटमेंटच्या आधी चार-पाच दिवस कवळी लावायचेच नाहीत. तोवर व्रण भरून यायचा, आणि डॉक्टरांना तोंडात काहीच दिसायचं नाही. मग "सगळं ठीक आहे" असं ऐकून ते घरी यायचे आणि मुकाट्याने कवळी डब्यात ठेवायचे. या वेळी आदल्या दिवशी शक्य तेवढा वेळ कवळी लावून जा, असं सुचवलं. खूण दिसली, दुरुस्ती झाली.

पण टोचणं थांबलं म्हणजे चावणं सुरू झालं, असं होत नाही. हे कवळी बसवायच्या आधीच घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. पूर्ण कवळीने चावायचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण पाव ते पाचवा हिस्सा असतो. वरची कवळी टाळूला चिकटून राहते. खालची अरुंद हिरडीवर टेकलेली, त्यात जीभ तिला सारखी हलवणार. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने. म्हणून चांगली बसलेली कवळीही पुढे सैल होते आणि तिला आतून नवा थर द्यावा लागतो. हे कळल्यावर काका म्हणाले, "म्हणजे माझंच काही चुकत नव्हतं." त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथेच उतरला.

पुढच्या वेळी त्यांना डब्यात पोळीभाजी आणायला सांगितली. त्यांनी पोळीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडला, तशी कवळी मागून उचलली गेली. मग सगळा घास उजवीकडे सरकवला. डावी बाजू उडाली. दात असताना जन्मभराची जी सवय होती, तीच आता आड येत होती. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, हाताने लहान तुकडे करायचे, घास थोडा डावीकडे थोडा उजवीकडे ठेवून दोन्ही बाजूंनी एकदम, सावकाश चावायचं. डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, पण घाईत ऐकलेलं राहून गेलं होतं. सरावाला सहा ते आठ आठवडे सहज लागतात म्हटल्यावर काकाच म्हणाले, "नवीन मशीनला पहिल्याच दिवशी फुल लोड कोण देतं?"

सुनेशी मी वेगळं बोलले. "बाबा, कवळी लावा ना," हे ती नातवासमोर, प्रेमानेच म्हणायची. काकांना ते चारचौघांत उघडं पडल्यासारखं व्हायचं. सरावाचे दिवस ते खोलीत एकटे जेवतील आणि कोणी काही विचारणार नाही, असं ठरलं. मला जास्त काळजी ताटाची होती. काकांना मधुमेह, आणि पोटात जात होता दहीभात, चहा-बिस्किटं. डाळी, भाज्या जवळपास बंद. तिने मुगाचं धिरडं, अंड्याची भुर्जी, ताकातला पालक, दाण्यांऐवजी कूट, वरणात भिजवलेली पोळी असं सुरू केलं. तीळ आणि पेरूच्या बिया कवळीखाली जाऊन फार छळतात, त्या बाजूला ठेवल्या.

कवळी चिकटवायची पेस्ट काका भरपूर लावत. ती थोडीच लागते. जास्त लागत असेल तर कवळी सैल झाली आहे, तपासून घ्यावी. रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवावी, गरम पाण्यात नको, आकार बिघडतो. आणि दोन आठवड्यांत न भरणारा व्रण "कवळीचा असेल" म्हणून अंगावर काढू नये. तंबाखू किंवा मिश्रीची सवय असलेल्यांनी तर मुळीच नाही. काकांनी तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली, तरी हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

आता ते सगळ्यांबरोबर टेबलावर जेवतात. भाकरी आमटीत कुस्करून खातात; मिसळ खातात, फरसाण रश्श्यात पूर्ण भिजल्यावर. चिक्की आणि कडक चकली सोडली, त्याचं वाईट वाटतं, असं ते सरळ सांगतात. खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात घट्ट रोवायचे धातूचे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवायचा पर्याय दंतवैद्यांनी सुचवला आहे. 2002 साली कॅनडात माँट्रियलला जमलेल्या तज्ज्ञांनी, खालचे सगळे दात गेले असतील तर हाच पहिला पर्याय असावा, असं मत दिलं होतं. पण त्याआधी काकांची साखर आटोक्यात यायला हवी, आणि खर्चाचाही विचार आहे. मुलगा लगेच करून टाकू म्हणतो. काकांनी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासून मग स्वतः ठरवायचं म्हटलं आहे, आणि घरच्यांनी ते मान्य केलं आहे.